गिऱ्हाईक यायच्या आधी: कोल्हापुरात घर विकायला काढताना

मामांनी शुक्रवार पेठेतलं घर विकायचं ठरवलं आणि पहिल्यांदा बोलावलं ते रंगाऱ्याला. सोप्याला पिस्ता रंग, बाहेरनं पिवळा, दाराला नवं व्हार्निश. मी विचारलं, "मामा, प्रॉपर्टी कार्ड कुठाय?" तर म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक येऊ दे की आधी. मग काढू की कागद."

गिऱ्हाईक आठ दिवसांत आलं. घर आवडलं, भाव जमला, चहा झाला. मग त्याच्या वकिलांनी कार्डाचा उतारा काढला. त्यावर नाव होतं आमच्या आजोबांचं. आजोबा 1983 साली गेले. गिऱ्हाईकानं दीड महिना वाट बघितली आणि राजारामपुरीत दुसरं घर घेतलं. मामांचे कागद जुळून यायला नऊ महिने लागले. मधे एक पावसाळा गेला, पिस्ता रंगावर ओल चढली आणि रंगारी पुन्हा आला.

या नऊ महिन्यांत मी नगर भूमापन कार्यालय, वकील, सीए आणि मामा यांच्यामध्ये जेवढ्या फेऱ्या मारल्या, त्यातनं जे कळलं ते इथं सांगतो. घर विकायचं असेल तर रंगाआधी कार्ड बघा, आणि तेही गिऱ्हाईक दारात यायच्या निदान सहा महिने आधी.

आधी नाव कुणाचं ते बघा

"घरफाळा माझ्याच नावानं येतो की" हे वाक्य कोल्हापुरात प्रत्येक घरात ऐकू येतं. घरफाळ्याची पावती म्हणजे महापालिकेनं कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद. मालकीशी तिचा थेट संबंध नाही. लाईट बिलाचंही तसंच. मालकी सिद्ध होते ती मूळ खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांच्या साखळीवरनं, आणि सरकारदरबारी ती दिसते शहरात प्रॉपर्टी कार्डावर, शहराबाहेर सात-बारावर. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा लोक पुढं करतात. तोही मुळात कराचाच कागद.

कार्डाचा ताजा उतारा ऑनलाइन मिळतो. हातात आला की चार गोष्टी वाचा. धारकाचं नाव. क्षेत्र. बोजा, म्हणजे जागेवरच्या कर्जाची नोंद. आणि चौथी, जी बहुतेकांच्या नजरेतनं सुटते ती म्हणजे सत्ताप्रकार, म्हणजे जागा कुठल्या हक्कानं धारण केलीय ते. तिथं 'ब' असं अक्षर दिसलं तर जागा सरकारनं काही अटींवर दिलेली असण्याची शक्यता असते आणि विक्रीआधी परवानगीचा प्रश्न येतो. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं असेल तरी तेच. देवस्थान इनामाची, म्हणजे देवळासाठी दिलेली जमीन असेल तर गिऱ्हाईक शोधायच्या आधी वकील शोधा.

पाचगाव, कळंबा, मोरेवाडी या बाजूला जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून घरं झालीत. तिथं बिनशेती आदेश आहे का, नसेल तर गुंठेवारीत नियमित झालंय का, हे बघावं लागतं. त्यासाठीचा कायदा 2001 चा आहे आणि पुढं त्यात 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाव दिला गेला. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात असलेलं आणि नसलेलं अशी शेजारशेजारची दोन घरं एकाच भावाला जात नाहीत.

सह्या किती लागणार?

मामांच्या मते घर मामांचं. का, तर तेच तिथं राहतात, आजी-आजोबांचं त्यांनीच केलं, कौलं त्यांनीच बदलली. "बहिणींनी कधीच सोडलंय की," असं ते म्हणायचे. तोंडी सोडलेलं कायद्याला दिसत नाही. हक्कसोडपत्र लेखी हवं आणि दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं हवं.

आता हिशोब बघा. घर आजोबांनी 1961 साली स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं अशा स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्यांना सारखा वाटा. आजीही 1991 साली गेली, म्हणजे तिचा वाटा पुन्हा मुलांत. उरली चार भावंडं: थोरले मामा, धाकटे मामा, इचलकरंजीची मावशी आणि माझी आई. प्रत्येकी चार आणे. धाकटे मामा 2015 साली गेले, त्यांच्या चार आण्यांचे तीन भाग झाले: मामी, मुलगा, मुलगी. मामांना वाटत होतं एक सही, प्रत्यक्षात लागल्या सहा. त्यातला मामेभाऊ दुबईत.

वडिलोपार्जित मिळकत असेल तर हिशोब आणखी वेगळा. महाराष्ट्रानं 1994 मध्येच अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला होता. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो सगळ्याच मुलींना जन्मतः दिला, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. "लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध" हे वाक्य आता बैठकीत बोलायलाही महाग पडतं. खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो: बहिणी किती?

वारस नोंदीला मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो. मग हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, त्यानंतर फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मंजूर होतो. कागदावर हे सोपं दिसतं. आमचा एक महिना आजीच्या मृत्यूचा दाखला शोधण्यात गेला, कारण त्यावर तिचं माहेरचं नाव होतं आणि कार्डासाठी सासरचं हवं होतं. एका अक्षराचा फरक असला तरी आधार, पॅन, दाखला आणि जुनं खरेदीखत समोरासमोर ठेवून आजच बघून घ्या.

दुबईच्या भावानं मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागतं आणि ते इथं आल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. आमच्याकडं ते पाकीट मामांच्या कपाटात दोन महिने पडून होतं. "आलंय, ठेवलंय जपून," असं ते आम्हाला अभिमानानं सांगत होते.

आणि बहिणींशी कागद घेऊन बोलायच्या आधी नुसतं बसून बोला. माझ्या आईनं सही द्यायला एका मिनिटाचा वेळ घेतला नसता. तिला फक्त मामांनी एकदा घरी येऊन विचारायला हवं होतं. वकिलाचा माणूस सहीला आला तेव्हा मात्र तिनं त्याला चहा पाजला आणि कागद तसाच परत पाठवला.

गिऱ्हाईकामागं त्याची बँक उभी असते

आजकाल घर घेणारे बहुतेक जण कर्ज काढतात. म्हणजे तुमचं घर दोनदा पसंत पडावं लागतं, एकदा माणसाला आणि एकदा बँकेला. बँकेचा वकील साधारण 30 वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे जुन्या दस्तांच्या नोंदी तपासतो, मूळ दस्त मागतो. बँकेचा व्हॅल्युएटर येतो तो मंजूर नकाशा हातात घेऊन. नकाशात तळमजला आणि प्रत्यक्षात वर दोन खोल्या असतील तर त्या खोल्यांना तो किंमत धरत नाही. मामांच्या माडीवरची खोली 1998 सालची, परवाना नसलेली. तिच्यामुळं पुढच्या गिऱ्हाईकाचं कर्ज कमी झालं आणि तेवढी घासाघीस आमच्या भावात झाली. आधी कळलं असतं तर नियमित होते का ते विचारता तरी आलं असतं.

फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघा, ज्याला आपण 'कम्प्लिशन' म्हणतो. आपल्याकडं बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथं घोषणापत्र आणि तुमच्या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का, हे विचारा. बिल्डरकडनं ते करून घ्यायचं राहिलं असेल तर विकताना आठवण येते आणि तोवर बिल्डर फोन उचलत नसतो.

जुनं कर्ज फिटलं असेल तरी कार्डावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँक असो वा पतसंस्था, कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन बोजा कमी करायचा अर्ज आपणच द्यायचा असतो. मूळ कागद परत देण्याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1 डिसेंबर 2023 पासून, कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत मिळाले नाहीत आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम काउंटरवर शांतपणे बोलून दाखवला तरी कपाटाच्या किल्ल्या लवकर सापडतात.

पाणी कुठवर आलं होतं?

हा प्रश्न पुण्यात कुणी विचारणार नाही, कोल्हापुरात विचारल्याशिवाय राहणार नाही. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी बघितलेत, ते घर बघायला आले की आधी भिंतीच्या खालच्या अंगाला बघतात.

मामांच्या सोप्यात दाराच्या चौकटीला पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. एकीखाली '2019', दुसरीखाली '21'. पहिल्या रंगकामात मामांनी त्या पुसायला सांगितल्या होत्या. मी अडवलं, आणि ते निव्वळ प्रामाणिकपणापोटी नव्हे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्यावर जबाबदारी आहे की घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा, पण आपल्याला माहीत असलेला मोठा दोष त्यानं सांगितलाच पाहिजे. शिवाय गल्लीतली चार माणसं गिऱ्हाईकाला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ते सांगणारच असतात. तालमीची पेठ आहे, गुपित कसलं राहतंय.

पूररेषेचं गणित लोकांना अवघड वाटतं, पण ते एवढंच आहे: निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये अटी. जुनं घर पाडून नवं बांधायच्या विचारानं येणारा गिऱ्हाईक असेल तर त्याला घरापेक्षा जागा हवी असते, आणि त्याच्यासाठी ही रेषा म्हणजेच भाव. आपलं घर कुठल्या बाजूला येतं, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून ठेवा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपल्याला माहीत असलेलं बरं.

दुरुस्तीचं म्हणाल तर ओल आधी आणि रंग मागनं. गळतं कुठं ते पावसाळ्यात बघा, दुरुस्ती दिवाळीनंतर करा, भिंत वाळली की मगच रंग.

एक गुंठा म्हणजे किती?

"एक गुंठा जागा हाय," असं मामा पंचवीस वर्षं सांगत आले. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. कार्डावर क्षेत्र निघालं 83.6 चौरस मीटर. त्याला 10.764 नं गुणलं की 900 चौरस फूट. मधले 189 फूट गेले कुठं? तर तो परड्याकडं जाणारा बोळ. शेजारच्यांचा आणि आपला सामाईक. लहानपणापासून आम्ही तो आपलाच समजून त्यात सायकली लावत आलो होतो.

ही गोष्ट गिऱ्हाईकासमोर उघड झाली असती तर भावाबरोबर शब्दही गेला असता. हद्दीबद्दल शंका असेल तर आधीच सरकारी मोजणी करून घ्या.

भाव किती सांगायचा? रेडी रेकनरचा दर, म्हणजे सरकारनं मुद्रांकासाठी ठरवलेला दर, ही तळाची खूण, बाजारभाव नव्हे. पण ठरलेली रक्कम त्या मूल्यांकनापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली गेली तर आयकर खातं तुमची विक्री रेकनरच्या किमतीलाच झाली असं धरतं, आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो. गल्लीतले खरे व्यवहार बघायचे असतील तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आजूबाजूच्या दस्तांचे इंडेक्स-2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, शोधता येतात. शेजाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यात थोडा अभिमान मिसळलेला असतो आणि इंडेक्सच्या आकड्यात कधी कधी थोडी भीती. खरं काय ते मध्ये कुठं तरी.

एजंट नेमलात तर कमिशन किती आणि कधी द्यायचं, हे लिहून ठेवा.

संचकार घेताना

दुसरीकडं इसार म्हणतात, आपल्याकडं संचकार. पूर्वी पान-सुपारीवर ठरायचं, आता संचकारपत्र करतात. त्यात एकूण रक्कम, मुदत, उरलेले पैसे कसे आणि कधी, व्यवहार कुणाच्या चुकीनं मोडला तर संचकाराचं काय, हे स्पष्ट हवं. घरफाळा, पाणीपट्टी, लाईट बिल खरेदीखताच्या दिवसापर्यंत विकणाऱ्यानं भरायचं असतं, ते दाखले आधीच काढून ठेवा. मुद्रांक आणि नोंदणी फी सहसा घेणाऱ्याची.

आणि किल्ली देऊ नका. "पाडव्याला कलश ठेवतो फक्त" म्हणून गिऱ्हाईक मागतं, आपलाही जीव विरघळतो. महाराष्ट्रात ताबा दिलेल्या करारावर खरेदीखताएवढाच मुद्रांक लागतो, आणि ताबा गेल्यावर उरलेले पैसे किती वेगानं येतात हे वेगळं सांगायला नको.

रोखीचं एक वाक्यात: घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्या हाताला, म्हणजे विकणाऱ्याला.

कर: सीएकडं खरेदीखताच्या आधी जा

घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन. वारशानं आलेल्या घरात आधीच्या मालकाचा काळ आणि त्याची खरेदी किंमत धरली जाते. 1 एप्रिल 2001 पूर्वीचं घर असेल तर खरेदी किमतीऐवजी त्या दिवशीची बाजारकिंमत घेता येते, मात्र त्या वेळच्या रेडी रेकनरच्या वर नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला काढा.

पुढं दोन वाटा आहेत. 23 जुलै 2024 पूर्वी आलेल्या घराला निवासी भारतीयांना स्वस्त पडेल ती वाट घेता येते: महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के, किंवा निर्देशांक लावून 20 टक्के. समजण्यापुरते आकडे घेऊ. विक्री 60 लाख, 2001 ची किंमत 8 लाख. पहिली वाट: नफा 52 लाख, कर 6.5 लाख. दुसरी वाट: 2001-02 चा निर्देशांक 100, 2025-26 चा 376, म्हणजे 8 लाखांचे झाले 30.08 लाख. नफा 29.92 लाख, कर 5.98 लाख. दुसरी स्वस्त. पण 2001 ची किंमत 4 लाखच निघाली तर पहिल्या वाटेनं 7 लाख, दुसऱ्या वाटेनं जवळपास 9 लाख. पारडं फिरलं. दोन्हींवर 4 टक्के सेस वेगळा. म्हणून त्या जुन्या मूल्यांकनाच्या कागदाला एवढी किंमत. वारस सहा असतील तर प्रत्येकाचा नफा आणि कर आपापल्या हिश्शापुरता, वेगळा.

कर वाचवायचा तर विक्रीच्या 1 वर्ष आधी किंवा 2 वर्षांनंतर दुसरं घर घ्या, किंवा 3 वर्षांत बांधा. ठरावीक सरकारी संस्थांच्या बाँडमध्ये 6 महिन्यांच्या आत 50 लाखांपर्यंत गुंतवता येतात, ते 5 वर्षं अडकतात. घर लगेच घेणार नसाल तर रिटर्नच्या मुदतीआधी पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात टाका. साध्या बचत खात्यात ठेवून "पुढं घेणारच होतो की" म्हटलेलं चालत नाही.

व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच सरकारला भरायचा कर, कापतो. विकणाऱ्याचं पॅन आधारला जोडलेलं नसेल तर ती कपात 20 टक्क्यांवर जाऊ शकते, तेव्हा मावशी-मामीचं पॅन आत्ताच तपासा. दुबईच्या भावाला हा 1 टक्का लागू नव्हता. अनिवासी माणसाच्या हिश्शावर कपात बरीच मोठी होते, ती कमी करायला आयकर खात्याकडनं आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आम्हाला हे खरेदीखताच्या आठ दिवस आधी कळलं, आणि तारीख पुढं गेली.

खरेदीखत शेवटी झालं. सगळ्यांचे अंगठे, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या तासात संपलं. खालच्या हॉटेलात सगळ्यांनी मिसळ खाल्ली, बिल मामांनी दिलं. नव्या मालकानं महिन्याभरात कार्डाला नाव लावलं, घरफाळ्यालाही लावलं. लाईटच्या मीटरचं राहिलं. त्यामुळं त्या घराच्या बिलाचा मेसेज अजून मामांच्या मोबाईलवर येतो. युनिट वाढलेले दिसले की मामा फोन करून मला सांगतात, "वरच्या खोलीत त्यांनी एसी बसवलेला दिसतोय रे."